राख कागदावर संपते, गावात नाही

जुलै २०२२ च्या पावसात नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला. राखेचा गाळ शेतात आणि नाल्यांत शिरला. बातम्या थांबल्या, पण प्रश्न संपलेला नाही.

भारतीय कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख उरते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर इथे ती रोज तयार होते. वीज राज्यभर जाते, राख मात्र विदर्भातल्या गावांच्या वाट्याला येते. बंधाऱ्याच्या कडेला राहतो तो लहान शेतकरी आणि मजूर.

खरे तर ही राख कामाची आहे. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते, तेवढा चुनखडक आणि इंधन वाचते. राखेच्या विटांना सुपीक माती लागत नाही, भट्टीही लागत नाही.

कायदाही आहे. १९९९ पासून अधिसूचना निघत आल्या. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने राखेचा १०० टक्के वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई ठरवली. पण खोलगट जमीन आणि बंद खाणी राखेने भरणे हाही कायद्याने 'वापर'च ठरतो. ही भर नीट काळजी न घेता टाकली, तर राखेतले आर्सेनिक, शिसे झिरपून विहिरीपर्यंत पोहोचू शकते. तेव्हा नुसत्या टक्केवारीवर आम्ही समाधानी नाही. किती राख विटांत गेली, किती सिमेंटमध्ये आणि किती खड्ड्यात, हा हिशेब वेगवेगळा मिळाला पाहिजे.

तरुण कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा. माहितीच्या अधिकारात हा हिशेब मागा, ग्रामसभेत तो वाचून दाखवा. विहार, वाचनालय, घरकुल बांधताना राखेच्या विटांचा आग्रह धरा.

विनयपिटकात आनंद राजा उदेनाला सांगतात, की चीवर जीर्ण झाले तरी टाकत नाहीत. शेवटी त्याच्या चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपतात. वस्तूचा शेवटपर्यंत हिशेब देण्याची ही शिस्त आपल्याला नवी नाही. तोच हिशेब वीज केंद्रांकडे मागणे, हे आपले आजचे काम आहे.