नदीची राखीव ठेव

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आणि मी मुळेचा काठ धरला. बाणेरजवळ राम नदी मुळेला मिळते, तिथे झाडीतून एक पायवाट जाते. सकाळी आसपासच्या सोसायट्यांमधली मंडळी तिथे भेटतात. करंज, उंबर, वाळुंजाची सावली असते, एखादा खंड्या दिसतो. पाण्याला सांडपाण्याचा वास येतो, हेही खरंच.

हल्ली या वाटेवर एकच विषय असतो. पुण्याच्या नदी पुनरुज्जीवन प्रकल्पात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरची नदी येते. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. बांधीव काठ, बागा आणि फिरायला सलग रस्ता असं चित्र आहे. झाडं जातील, पात्र आकसेल म्हणून अनेक पुणेकर रस्त्यावर उतरले. आमच्यातल्या एक आजी मात्र म्हणतात, "गुडघ्यांना सपाट रस्ता हवा हो!" त्यांचं तरी काय चुकलं?

मी बँकेत गृहकर्जाच्या फायली पाहत असे. सात-बारा, सर्च रिपोर्ट, मंजूर नकाशा, सगळं काटेकोर तपासायचो. पूररेषा कुठे आहे, हे मात्र कधी विचारलं नाही. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. '२५ वर्षांतून एकदा' ऐकलं की पूर लांब वाटतो. हिशेब वेगळा आहे. दर वर्षी शक्यता ४ टक्के, म्हणजे २० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत निम्म्याहून अधिक!

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यालगत, मुठेकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. टीव्हीवर ते पाहताना मला माझ्या सह्या आठवल्या.

काठ ही नदीची राखीव ठेव आहे. पावसाळ्यात ती मोडायला नदी येणारच. म्हणून आधी सांडपाणी थांबवा, निळ्या रेषेच्या आत भराव टाकू नका. मग आजींचा सपाट रस्ता त्या रेषेबाहेर खुशाल करा.

पावसाळ्यात आमची पायवाट काही दिवस पाण्याखाली जाते. तेव्हा आम्ही घरी बसतो. पाणी ओसरलं की चिखल तुडवत पुन्हा निघतो. वाट मातीची आहे, तिचं फारसं काही बिघडलेलं नसतं.