थांबा म्हणण्याचा हक्क



पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली आता आपल्या भागात नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पिंपळनेर, साक्री, नवापूरच्या रस्त्यांवर पहाटे त्या धावताना दिसतात. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव झाल्या. एन.सी.सी.त तर मुली १९४९ पासून आहेत. त्याच एन.सी.सी.तून नेमबाजीकडे वळलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत म्युनिकला रायफल नेमबाजीत विश्वविजेत्या झाल्या. मुलीच्या हाती रायफल येणे ही आता कॉलेजच्या मैदानापर्यंत आलेली गोष्ट आहे.

स्त्रीने शस्त्र हाती घ्यावे का, यावर आपल्या चळवळीत मतभेद आहेत आणि ते राहतील. बंदुकीने बाई मुक्त होते असे मी मानत नाही. पण हा वाद चालू असताना मुली शिकतच आहेत. त्या शिकून सुखरूप घरी येतात की नाही, एवढाच प्रश्न आज मला मांडायचा आहे.

पिंपळनेरला गटाच्या बैठकीत मी मुलींना नेमबाजीच्या शिबिराबद्दल विचारले. एकीने सांगितले ते असे. ती पालथी झोपून नेम धरून होती. चाप ओढला, पण बार झालाच नाही. शिकवणाऱ्याने रायफल हिसकावून घेतली आणि "साधी गोळी भरता येत नाही, पोलीस काय होणार!" म्हणून सर्वांसमोर सुनावले. नंतर कळले की तिला मिळालेले काडतूस सरावाचे, म्हणजे डमी होते. खऱ्यांच्या डब्यात ते चुकून गेले होते. ते हाताला वेगळे लागले होते, हेही तिने सांगितले. मग बोलली का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, "सरले कसं इचारू, ताई?"

त्या दिवशी कुणाला इजा झाली नाही, म्हणून विषय तिथेच संपला. तो संपायला नको होता. खऱ्यांच्या डब्यात डमी सापडते, तर डमीच्या डब्यात खरे काडतूस जाऊ शकते. डमी असते भरण्या-काढण्याच्या सरावासाठी. तो सराव खोलीत, व्हरांड्यात, मैत्रिणी समोर बसलेल्या असतानाही होतो. तिथे चाप ओढला तर?

हे किती खरे आहे ते जगाने पाहिले आहे. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात 'रस्ट' या चित्रपटाच्या तयारीत पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि हलिना हचिन्स ही छायाचित्रणकार मरण पावली. त्या पिस्तुलात डमी काडतुसे आहेत असे सर्वांनी धरले होते. तपासात डमींमध्ये मिसळलेली आणखी खरी काडतुसे सापडली. असल्या डमीत छर्रा ठेवलेला असतो. कानाशी हलवले की तो वाजतो. प्रत्येक काडतूस हलवून पाहायला किती वेळ लागला असता? त्याच सकाळी कॅमेरा विभागातले बरेच लोक काम सोडून गेले होते. त्यांच्या तक्रारींत सुरक्षिततेचीही तक्रार होती. शस्त्रे सांभाळणारी तरुणी दुसरेही काम अंगावर घेऊन होती. २०२४ मध्ये तिला १८ महिन्यांची शिक्षा झाली. मोठ्या नटावरचा खटला त्याच वर्षी रद्द झाला, कारण पुरावा बचाव पक्षाला दिला गेला नव्हता.

काडतुसांची गल्लत फक्त खऱ्या-खोट्याची नसते. आपल्या खानदेशात, वरणगावच्या कारखान्यात, रायफलींची काडतुसे तयार होतात. तिथल्या कामगारांच्या घरच्या बायकांना ठाऊक असेल की काडतुसाच्या बुडावर खुणा ठोकलेल्या असतात. त्या वाचायच्या असतात, कारण तोंडी आकडा फसवतो. 'सात पॉइंट बासष्ट' म्हटले की एस.एल.आर.चे आणि ए.के.चेही काडतूस आले. पण एकाची पुंगळी ५१ मिलिमीटर, दुसऱ्याची ३९. एकाचे दुसऱ्यात चालत नाही. 'पॉइंट टू टू' मध्येही लहान-मोठे प्रकार आहेत. बारा बोअरच्या बंदुकीत वीस बोअरचे काडतूस गेले तर ते नळीत पुढे सरकून अडकते. (बोअरचा आकडा मोठा तितकी नळी बारीक, हे लक्षात असू द्या.) वरून पाहणाऱ्याला बंदूक रिकामी वाटते. तो मागून बारा बोअरचे भरतो, आणि नळी हातात फुटते. म्हणूनच वीस बोअरच्या काडतुसाला पिवळा रंग देण्याची पद्धत पडली.

आणखी दोन गोष्टी प्रत्येक मुलीला पहिल्याच दिवशी कळायला हव्यात. चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचे. दारू उशिराही पेटू शकते. आणि बाराऐवजी नुसता 'फुस्स' आवाज आला, तर गोळी नळीतच अडकली असण्याची शक्यता असते. पुढची गोळी मुळीच झाडायची नाही, नळी तपासून घ्यायची. वर सांगितलेल्या मुलीच्या हातून रायफल हिसकावून घेणे हे या दृष्टीने अपमानाहून गंभीर होते. त्या क्षणी ते काडतूस डमी आहे हे शिकवणाऱ्यालाही माहीत नव्हते.

इथे आपला संबंध येतो. नेमबाजीचा जगभरचा नियम आहे की काही धोक्याचे दिसले तर मैदानावरची कोणतीही व्यक्ती 'थांबा' म्हणू शकते, आणि सर्वांनी थांबायचे असते. यात हुद्दा पाहिला जात नाही. पण आपण मुलींना काय शिकवतो? उलटून बोलू नये. मोठ्यांना अक्कल शिकवू नये. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या आदिवासी मुलीवर तर याहून जास्त दडपण असते. सर नाराज झाले तर शिबिरातून नाव जाईल, ही भीती असते. त्यातच झोपून नेम धरताना खांदा, कंबर, पाय 'नीट करण्यासाठी' न विचारता हात लावला जातो. अंग चोरून पडलेल्या मुलीचे लक्ष काडतुसाच्या खुणेवर कसे राहणार? जी शिस्त मुलीला गप्प करते, ती तिथे सगळ्यांचाच जीव धोक्यात घालते.

म्हणून माझी गटांना विनंती आहे. आपल्या गावात, कॉलेजात किंवा भरतीच्या वर्गात नेमबाजी शिकवली जात असेल, तर पालकांना बरोबर घेऊन जा आणि हे प्रश्न लेखी विचारा :

• खरी आणि डमी काडतुसे वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात असतात का? डमी एका नजरेत ओळखू येते का?
• दिलेली, झाडलेली आणि परत आलेली काडतुसे मोजून वहीत लिहिली जातात का?
• एका वेळी मैदानावर एकाच प्रकारची काडतुसे असतात का?
• नवशिक्या मुलीला एकेकच काडतूस मिळते का, आणि भरण्याआधी ती ते स्वतः तपासते का?
• रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून दोघीजणी खात्री करतात का?
• कुणाही मुलीच्या 'थांबा' वर गोळीबार थांबतो का? थांबवणाऱ्या मुलीला बोलणी बसत नाहीत ना?
• शिकवताना स्त्री अधिकारी हजर असते का? हात लावण्याआधी विचारले जाते का? तक्रार समिती कुठे आहे, हे मुलींना सांगितले आहे का?
• प्रथमोपचाराची पेटी आणि गाडी जागेवर आहे का? पिंपळनेरहून साक्री ओलांडून धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचायला लागणारा वेळ रक्तस्रावाला परवडत नाही.

कुणी म्हणेल, या बायांना बंदुकीतले काय कळते? २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यालाही सुरक्षिततेचे प्रशिक्षण सांगितले आहे. म्हणजे हे ज्ञान शिकून घेण्याचे आहे, मिशीबरोबर उगवणारे नाही. आपण रेशन दुकानाचे माप तपासायला शिकलो, रोजगार हमीचे मस्टर वाचायला शिकलो. तसे हेही शिकू.

उत्तरे मिळाली की आमच्याकडे पाठवा. दिली नाहीत तर तेही कळवा. आणि तोवर प्रत्येक गटाच्या बैठकीत मुलींकडून एक शब्द मोठ्याने म्हणवून घ्या : थांबा. पहिल्यांदा त्या हसतील, लाजतील. दहाव्यांदा आवाज खणखणीत निघेल.