सायंकाळी झुकणारी मान

सकाळी ताठ असलेली मान सायंकाळी हाताच्या आधाराविना सावरत नाही, असे एखाद्या तरुण शिक्षिकेने सांगितले, तर तिच्या वाट्याला आधी येतो तो कामचुकारपणाचा ठपका. ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ या विरळ विकाराचे खरे दुर्दैव हेच. मज्जातंतूचा आदेश स्नायूला जेथे मिळतो, तेथेच शरीराची स्वतःची प्रतिपिंडे आडवी येतात. म्हणून श्रमाने दुर्बलता वाढते, विश्रांतीने ओसरते. चाळिशीच्या आतील रुग्णांत स्त्रिया अधिक आढळतात.

हा विकार उपचारांनी आटोक्यात ठेवता येतो. डॉ. मेरी वॉकर यांनी १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये फायसोस्टिग्मिनचा गुण दाखविला. पुढे उपचार वाढतच गेले. मात्र निदानाला विलंब झाला आणि श्वसनाचे स्नायू दुबळे पडले, तर प्राणांवर बेतते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यान्वये नोकरीतील आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. परंतु प्रहरागणिक बदलणारी दुर्बलता एका सकाळच्या तपासणीत कशी मोजावी? अवघड तास सकाळी आणि दुपारी थोडी विश्रांती, एवढ्या सवलतीने एक कर्ती व्यक्ती कामावर टिकते. ती नाकारणे हा निर्दयपणा तर आहेच. शिवाय तो समाजाच्या तोट्याचा व्यवहार आहे.