कात्रजचा घाट दाखवू नका!

एखाद्याला बेमालूम चकवले की मराठी माणूस ‘त्याला कात्रजचा घाट दाखवला’ असे म्हणतो. 1663 साली शायिस्तेखानाची बोटे छाटून महाराज लाल महालातून निसटले. बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या बाजूस पिटाळण्यात आले. मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज सिंहगडी सुखरूप पोचले, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. त्या घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां लोकांना हल्ली निराळाच पलिता दाखविण्यात येतो. रविवारी पहाटे जुन्या घाटात मोटारसायकली पिटाळणाऱ्या पोरांना आवरा, असे म्हटले, की त्यांचे सुशिक्षित वकील (यात काही पोरांचे तीर्थरूपही आले!) आम्हांला थेट अमेरिकेतील डेटोनाची वाळू दाखवितात. ‘अहो, तिकडेसुद्धा शर्यती अशाच सुरू झाल्या! साध्या घरगुती मोटारी, समुद्राची पुळण आणि सार्वजनिक रस्ता. त्यातून केवढा खेळ उभा राहिला! तुम्ही उगाच पोरांची उमेद मारता.’

दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

फ्लोरिडातील ऑर्मंड व डेटोना येथील पुळण ओहोटीच्या वेळी फरशीसारखी टणक असते. म्हणून 1903 पासून तेथे मोटारी पळू लागल्या. 1935 च्या मार्चमध्ये माल्कम कॅम्पबेल याने तेथे ताशी 276 मैलांचा वेग गाठला; पण त्याच वर्षी तो बॉनव्हिलच्या मिठागरासारख्या मैदानाकडे वळला आणि डेटोनाचे पाहुणेच हरपले. तेव्हा गावाने 8 मार्च 1936 रोजी, दुकानात मिळतात तशाच मोटारींची शर्यत योजली. सुमारे दीड मैल पुळणीवरून, तितकेच शेजारच्या रस्त्यावरून, आणि दोन्ही टोकांना वाळूतली वळणे. एक फेरा 3.2 मैलांचा. झाले काय? ती वळणे अशी उखणली की मोटारी रुतून बसल्या आणि ठरलेले अंतर पुरे होण्याआधीच शर्यत आवरती घ्यावी लागली. मिल्ट मॅरियन पहिला आला. गावाच्या तिजोरीला मात्र सुमारे 22 हजार डॉलरांची खोट बसली. पुढल्या वर्षी दुसऱ्या एका मंडळाने हा उद्योग अंगावर घेतला. त्याचेही हात पोळले.

परंतु या फसलेल्या शर्यतीतसुद्धा एक गोष्ट ध्यानात घ्या. रस्ता शर्यतीसाठी राखलेला होता. शर्यत कोणाची, कोणत्या तारखेला, किती वाजता, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. भरती कधी येणार, हे पाहूनच वेळ ठरवावी लागे. समोरून दुधाचे कॅन लावलेला गडी येत नव्हता, की शिंदेवाडीची एसटी येत नव्हती.

त्या दिवशी पाचवा आलेला बिल फ्रान्स हा मोटारी दुरुस्त करणारा माणूस. 1938 पासून शर्यतीची जबाबदारी त्याने आपल्याकडे घेतली. तिकीट चुकवून वाळूच्या टेकाडांतून शिरणाऱ्या फुकट्यांना थोपविण्यासाठी त्याने म्हणे ‘विषारी सापांपासून सावध’ अशा पाट्या लावल्या होत्या. (आमच्या कात्रजला खरेखुरे सर्पोद्यान आहे, तरी फुकटे थांबतील याची हमी नाही!) 14 डिसेंबर 1947 रोजी त्याने डेटोनाच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात शर्यतवाल्यांना जमविले. बक्षिसाची रक्कम घेऊन पसार होणारे संयोजक आणि गावोगावचे निराळे नियम यांना सगळेच विटले होते. त्या बैठकीतून ‘नॅस्कार’ ही संस्था निघाली. ती कशासाठी? मोकाट धावण्यासाठी नव्हे, नियमांसाठी!

ते नियम कसे पाळले गेले तेही पाहा. 1949 साली शार्लट येथे निव्वळ घरगुती मोटारींची पहिली शर्यत झाली. ग्लेन डनवे सर्वांत पुढे आला. पण तपासणीत त्याच्या मोटारीच्या स्प्रिंगांत फेरफार आढळला. हातभट्टीची दारू पोलिसांना हुलकावणी देऊन पळविणाऱ्या मोटारींत करीत, तसलाच! त्याचा पहिला क्रमांक काढून जिम रोपरला देण्यात आला. आणि आमच्याकडे? सायलेन्सर बदलून अर्धे कात्रज झोपेतून उठवणारा वीर मित्रमंडळींत मान मिळवितो.

पुढे डेटोनात वस्ती वाढली, गर्दी पुळणीवर मावेना. तेव्हा पुळणीचे भक्त रडत बसले नाहीत. 1958 साली तेथे अखेरची शर्यत झाली आणि 1959 साली अडीच मैलांचा बंदिस्त मार्ग सुरू झाला. ज्या गावाचा दाखला देता, त्या गावाने रस्ता सोडून साठ वर्षे उलटून गेली, बाबांनो!

कोणी म्हणेल, आपला कायदाच आडवा येतो. तेही खरे नाही. मोटार वाहन कायद्याच्या 189 व्या कलमात शर्यतीला शिक्षा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद वा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ही शिक्षा राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून केलेल्या शर्यतीला आहे. संमतीचे दार कायद्यानेच उघडे ठेवले आहे. त्या दारावर कोणी टकटक तरी केली का? बैलगाड्यांच्या शौकिनांकडे पाहा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शर्यत बंद केली. त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, 2017 साली राज्याचा कायदा झाला, 2021 साली सशर्त परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठाने तो कायदा उचलून धरला. आता गाडा पळवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. जनावराच्या जिवासाठी एवढी व्यवस्था आणि वीस वर्षांच्या पोराच्या जिवासाठी घाटातले एक वळण!

आमचा राग एकट्या पोरांवर नाही, हे त्यांच्या तीर्थरूपांनी ध्यानात घ्यावे. ज्या जिल्ह्यात चाकणला मोटारसायकली बनतात आणि कोथरूडला वाहनांची शास्त्रीय चाचणी करणारी संस्था आहे, तेथे सामान्य घरच्या पोराने आपली गाडी हौसेने पळवायची म्हटले तर त्याला परवडेल अशी जागा दाखवा बरे! मद्रासकडच्यांनी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरविल्या आणि 1990 साली इरुंगट्टुकोट्टईला स्वतंत्र मार्ग काढला. आपले उद्योगपती जाहिरातीत दुचाकी घाटातूनच उडवितात, खाली बारीक अक्षरांत ‘हे करू नका’ असे छापतात आणि हात झटकतात.

आणि घरोघरचे जे गृहस्थ हे वाचून मान डोलावीत असतील, त्यांच्यासाठीही दोन शब्द. दिवाळीची सुट्टी लागली की आपली मोटार ताम्हिणीतून कोकणात उतरते, आणि अलिबाग-मुरुडपासून दापोलीपर्यंत कोणत्याही पुळणीवर मुलांना बसवून दोन चकरा मारण्याचा मोह होतो. कोकणातली प्रत्येक पुळण म्हणजे डेटोना नव्हे. वरची पापडी टणक लागली तरी चाक गरगरले की ती फुटते, मोटार आसापर्यंत खाली जाते; तेवढ्यात भरती लागते आणि गावकऱ्यांना ट्रॅक्टर घेऊन धावावे लागते. वाळूत खेळणारी दुसऱ्यांची लेकरे असतात, ती गोष्ट वेगळीच. मोटार सुरूच्या बनाअलीकडे उभी करावी आणि पाण्यापर्यंत पायी जावे.

घाटातल्या मंडळींना आमचे उघड आव्हान आहे. संघ काढा, नियम लिहा, शिरस्त्राणाची आणि विम्याची अट घाला, बंद मैदान मागा आणि सरकारकडे लेखी अर्ज करा. अर्जावर पहिली सही आम्ही करू. पहिल्या शर्यतीचे तिकीटही रोख पैसे मोजून घेऊ. फक्त तोवर रविवारी पहाटे आमच्या दूधवाल्याला घाटातून जिवंत खाली उतरू द्या.