कोणते पुस्तक वाचू?

दरवर्षी नववर्षाच्या किंवा गुढीपाडव्याच्या सुमारास काही विद्यार्थी, आणि अलीकडे काही तरुण सहकारीही, माझ्याकडे एक संकल्प घेऊन येतात. या वर्षात बारा पुस्तके वाचावयाची आणि ती एकाच साच्याची असावयाची नाहीत. एक आत्मचरित्र, एक नाटक, एक प्रवासवर्णन, एक विज्ञानविषयक, एक परभाषेतून मराठीत आलेले, एक आपल्याच जिल्ह्यासंबंधीचे, अशी बारा प्रकारांची यादी त्यांनी वहीत आखून आणलेली असते. संकल्प स्तुत्य आहे. परंतु प्रकारांपुढचा रकाना मोकळा असतो, आणि वही माझ्यापुढे सरकवून प्रश्न येतो, “सर, इथे कोणते पुस्तक लिहू?”

हा प्रश्न मी बरीच वर्षे सोपा समजत आलो. एका प्रसंगाने तो भ्रम फिटला. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातला, भाजीपाला पिकविणाऱ्या घरातला एक मुलगा अशीच वही घेऊन आला. मी मोठ्या उत्साहाने बारा नावे लिहून दिली. नावे सर्वमान्य होती, कोणत्याही गुणिजनांच्या यादीत शोभली असती. तीन आठवड्यांनी त्याने पहिला ग्रंथ परत आणून दिला. “पुस्तक चांगलं असेल सर, पण मला नाही जमायचं,” एवढेच तो बोलला, आणि त्यानंतर पुस्तकासाठी तो माझ्याकडे पुन्हा आला नाही. त्याने याआधी काय वाचले आहे, हे मी त्याला विचारलेच नव्हते.

पुढे कळले, की तो तालुक्याच्या वाचनालयात जाऊ लागला होता. तेथील ग्रंथपालाने त्याला दोनच प्रश्न विचारले होते : घरी काय करतात, आणि शेवटी पूर्ण वाचलेले पुस्तक कोणते? उत्तरे ऐकून त्याच्या हाती भास्कर चंदनशिवांच्या कथा दिल्या. चंदनशिव आपल्याच कळंब तालुक्यातले. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा बाजारात भाव कोसळल्यावर आपलीच टोमॅटो पायांखाली तुडविणाऱ्या शेतकऱ्याची आहे. आठवडी बाजाराहून भाजी परत घेऊन येणे ज्याने पाहिले आहे, त्याला त्या कथेसाठी प्रस्तावनेची गरज नसते. मुलाने पुस्तक संपविले आणि ‘असंच आणखी’ मागावयास तो परत आला. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीधराला जे साधले नाही, ते अल्प मानधनावर काम करणाऱ्या एका ग्रंथपालाला साधले. याची कारणे शोधताना मला माझ्याच विषयाकडे वळावे लागले.

पुस्तकाची खरी किंमत त्याच्या मलपृष्ठावर छापलेली नसते. तासाला तीस पाने वाचणाऱ्या माणसाला तीनशे पानांच्या पुस्तकासाठी दहा तास मोजावे लागतात. कचेरीतून आल्यावर ज्या कारकुनाला दिवसाकाठी एक तास मिळतो, त्याचे ते दहा दिवस होत. शिवाय पुस्तक ही अशी वस्तू आहे, की तिचा गुण वापरल्यावाचून कळत नाही. फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली वस्तूंचे दोन वर्ग केले : ज्यांचा दर्जा घेण्यापूर्वी पारखता येतो त्या, आणि ज्यांचा दर्जा अनुभवानंतरच कळतो त्या. कापड पहिल्या वर्गात बसते. पुस्तक दुसऱ्या वर्गातले. अशा वस्तूच्या बाबतीत, आधी अनुभव घेतलेल्या माणसाच्या शब्दाला मोल येते. म्हणूनच चांगली शिफारस म्हणजे दुसऱ्याच्या वेळेची बचत होय. डॉ. शि. रा. रंगनाथन हे गणिताचे अध्यापक. ते पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, या सूत्रांबरोबरच वाचकाचा वेळ वाचवावा हे एक स्वतंत्र सूत्र आहे.

परंतु ही बचत घडवून आणणाऱ्याला तिचा मोबदला मिळत नाही. एकाने प्रामाणिकपणे दिलेली शिफारस दहा जण वापरतात आणि कोणी काही देत नाही. अशा सार्वजनिक हिताच्या वस्तू बाजार पुरेशा प्रमाणात निर्माण करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकविले जाते. मोकळी राहिलेली जागा मग ज्याला विकावयाचे आहे तो भरून काढतो. जाहिराती, प्रकाशनसमारंभ, ‘प्रचंड खपाचे’ अशी पट्टी, आणि आता हातातल्या फोनवर आपोआप उमटणाऱ्या याद्या, हे सगळे शिफारशीचेच अवतार आहेत. यांपैकी शेवटचा अवतार विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तुम्ही काल जे घेतले, त्याच्यासारखेच आज तो तुमच्यापुढे ठेवतो. ऐतिहासिक कादंबरी वाचलीत, तर आणखी चार ऐतिहासिक कादंबऱ्या. यशाचा मंत्र सांगणारे पुस्तक घेतलेत, तर आणखी आठ मंत्र. ज्याला तेच ते हवे आहे त्याची ही सोय आहे. ज्याने मुद्दाम बारा प्रकार ठरविले आहेत, त्याला हा सल्लागार निरुपयोगी, किंबहुना विघातक आहे.

मराठीत हे काम निरपेक्षपणे करणारी माणसे नव्हती असे नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि दुसऱ्या खंडात ती १९५० पर्यंत आणली. एका माणसाच्या चिकाटीचे हे फळ पाहिले म्हणजे छाती दडपते. १९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकाने तर केवळ ग्रंथांविषयी बोलणे हाच आपला व्यवसाय मानला. आपल्या भागापुरते बोलावयाचे, तर निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू असताना मराठी पुस्तक शोधणे हीच एक साधना होती. हैदराबादेत १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले ते त्या परिस्थितीत. त्या पिढीपुढे प्रश्न होता पुस्तक मिळेल कोठे हा. आज पुस्तके आहेत, आणि त्यांतले आपले कोणते हे सांगणारा मिळत नाही. हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच इशारा दिला होता, की माहितीचा सुकाळ झाला म्हणजे लक्ष देण्याच्या शक्तीचा दुष्काळ पडतो. दुष्काळ हा शब्द धाराशिवकरांना समजावून सांगावा लागत नाही.

जानेवारी २०२० मध्ये त्रेण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरले. ग्रंथप्रदर्शनात माझे काही विद्यार्थी भेटले. दालनांमागून दालने पालथी घालून ते परतले तेव्हा बहुतेकांच्या पिशवीत स्पर्धापरीक्षेची पुस्तके होती. मी त्यांना दोष दिला नाही, आजही देत नाही. ज्याच्या घरी पाऊस आणि बाजारभाव या दोहोंचा भरवसा नाही, त्या मुलाने नोकरीची वाट धरली तर त्यात गैर काय? परंतु त्यांतील एकाने सांगितलेले कारण मनात रुतून बसले. तो म्हणाला, “दुसरं काही घ्यायचं होतं सर, पण एवढ्या ढिगातून कोणतं घ्यावं ते कळेना.” इच्छा होती, पैसे होते, पुस्तकेही होती. वाट दाखविणारे कोणी नव्हते.

ही वाट कशी असावी? माझ्या चुकलेल्या यादीने शिकविले ते असे, की विविधता ही यादी करून येत नाही. ती शेजारच्या पायरीवर पाऊल ठेवून येते. अध्यापनशास्त्रातले ज्ञाताकडून अज्ञाताकडे हे जुने सूत्र वाचनालाही लागू आहे. ‘लाल चिखल’ वाचलेल्या मुलाला शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे हवीशी वाटतात, तेव्हा त्याच्या हाती महात्मा फुल्यांचा १८८३ सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ द्यावा. तेथून पैसा आणि भाव यांच्या नात्याविषयी कुतूहल जागे झाले, तर डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ सालचा प्रबंध आहे. तो अवघड आहे. परंतु येथवर आलेला वाचक त्याला पाठ दाखवीत नाही. वेठबिगारीची गोष्ट निघाली, तर गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे वारल्यांच्या लढ्याचे पुस्तक समोर येते, आणि ते एका स्त्रीने लिहिले आहे हे ध्यानात आले, की लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ फार दूर राहत नाहीत. कथा, निबंध, अर्थशास्त्र, लढ्याचा वृत्तान्त, आत्मचरित्र : पाच प्रकार झाले, आणि कोठेही उडी मारावी लागली नाही.

दुसरे उदाहरण घरातल्या महाभारताचे. कीर्तनातून महाभारत ऐकलेल्या गृहिणीला इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ परके वाटणार नाही. मात्र मानववंशशास्त्रज्ञाची नजर त्याच पात्रांना कशी निराळी पाहते, हे तिला दिसेल. त्यानंतर भैरप्पांचे ‘पर्व’ उमा कुलकर्णी यांच्या अनुवादातून वाचावे. उमरग्याच्या पलीकडे, सात-आठ कोसांवर बोलली जाणारी कन्नड आपल्या कपाटात नसावी, हे तरी कोठले शहाणपण?

आणि स्वतःच्या जिल्ह्यासंबंधीचे पुस्तक म्हणाल, तर एक अनपेक्षित नाव सुचवितो. ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणबरोबर ‘तगर’ या बाजारपेठेचे नाव आहे. तेथून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. हे तगर म्हणजे आपले तेर. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आणि लामतुरे वस्तुसंग्रहालयात आपण जातो, पण त्या तेरचे नाव जगाच्या व्यापाराच्या जमाखर्चात आहे हे वर्गात सांगितले, की मागच्या बाकावरची कुजबूज थांबते.

यावर एक आक्षेप येईल. बारा पुस्तकांचा संकल्प हा वाचनाचा हिशेब झाला. वाचन असे मोजून करावयाचे असते काय? आक्षेपात तथ्य आहे. वर्षाअखेर आकडा मिरविण्यासाठी पाने उलटणारे लोक मीही पाहिले आहेत. परंतु येथे मोजावयाची आहे ती संख्या नव्हे, दिशा. बारांऐवजी चारच पुस्तके झाली, पण ती चार दिशांची झाली, तर मी तो संकल्प तडीस गेला असे मानीन. एकाच प्रकारच्या पाचव्या पुस्तकाने पहिल्याइतके समाधान मिळत नाही, हा घटत्या उपयोगितेचा नियम कोणाही वाचकाने अनुभवलेला असतो. आपल्याहून निराळ्या माणसाचे जगणे आतून पाहण्याचा इतका स्वस्त मार्ग पुस्तकावाचून दुसरा नाही, आणि जाती-धर्मांत आणि गावा-शहरांत फाटत चाललेल्या समाजाला त्याची गरज आहे.

प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्या वेळी आपला जिल्हा त्या राज्यात होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद केली. आपण ती केली नाही. आपली बहुतेक वाचनालये शासकीय अनुदानावर आणि चार-दोन कार्यकर्त्यांच्या पदरमोडीवर चालतात. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग लागतात. ग्रंथ किती, सभासद किती, हे पाहिले जाते. कोणा वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले काय, याचा रकाना त्या तक्त्यात मला कधी दिसला नाही. लहान गावातल्या ग्रंथपालाच्या हाती महिन्याकाठी पडणारी रक्कम शेतमजुराच्या कमाईपुढेही लाजावी अशी असते. त्याच्याकडून जाणत्या सल्ल्याची अपेक्षा करणे आणि त्याला जगण्यापुरतेही न देणे, या दोन गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. वेतनाचा हा प्रश्न शासनाचा आहे आणि तो शासनानेच सोडविला पाहिजे.

परंतु शासनाची वाट न पाहता करण्याजोगे काही आहे, आणि ते या पानाच्या वाचकांच्या हाती आहे. शिक्षकांनी आपल्या विषयावरची, परीक्षेशी संबंध नसलेली तीन पुस्तके निवडावीत आणि ती ज्याला आवडतील त्या वाचकाचे एका ओळीत वर्णन करून गावच्या वाचनालयाच्या फलकावर लावावीत. अट एकच : ती पुस्तके त्या वाचनालयाच्या कपाटात असली पाहिजेत. पुस्तक परत करताना वाचकाने तारखांच्या चिठ्ठीखाली एक वाक्य लिहावे. ‘ज्याला अमुक आवडले त्याला हे आवडेल’ एवढे पुरे. विद्यार्थ्यांनी आपल्या बारांपैकी निदान तीन पुस्तके आपल्याहून निराळ्या माणसांना विचारून ठरवावीत : वयाने वडील अशा बाईंना, वेगळ्या धंद्यातल्या शेजाऱ्याला, वेगळ्या वस्तीतल्या वर्गमित्राला. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही.

माझ्यापुरते सांगतो. आता कोणी वही पुढे केली, की मी पेन उघडीत नाही. घरी काय करतात आणि शेवटी पूर्ण वाचलेले पुस्तक कोणते, हे दोन प्रश्न आधी विचारतो आणि मग रकान्यात एकच नाव लिहितो. उरलेले अकरा रकाने मोकळे ठेवतो. ते पुस्तक वाचून झाल्यावर तो मुलगा परत आला, तर दुसरे नाव लिहिता येईलच.