घरांतला छापखाना

मराठी माणसाचा छापखान्याशीं संबंध आला तो शाईच्या वादासकट. 1831 सालीं गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढलें, त्या काळीं छापील कागदास हात लावावा कीं नाहीं याविषयीं सोंवळ्या मंडळींत मोठी कुरबुर होती. कारण छापण्याच्या शाईंत चरबी असते असा समज होता. पुढें तुपाची शाई करून पोथ्या छापण्यांत आल्या आणि ती कुरबुर ओसरली. आम्हांस या गृहस्थांचें कौतुक वाटतें तें निराळ्याच कारणासाठीं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम पाहून त्यांनीं आरंभीं लाकडी यंत्र स्वतःच जुळविलें आणि शाईही स्वतःच सिद्ध केली. यंत्र अडलें तर दूरच्या कोणाची मनधरणी करण्याचें त्यांना कारणच नव्हतें.

आज तोच छापखाना आकसून शिकलेल्या घरांच्या मेजावर येऊन बसला आहे. मुलांचे प्रकल्प, विम्याचे कागद, आजोबांच्या पेन्शनीचीं पत्रें, आगगाडीचीं तिकिटें, सत्यनारायणाचें निमंत्रण, सर्व त्याच्याच तोंडून बाहेर पडतें. मात्र या यंत्राच्या मालकास स्वतःच्या पसंतीची शाई त्यांत घालण्याची मुभा असेलच असें नाहीं. यंत्र स्वस्तांत विकावयाचें आणि शाईवर वर्षानुवर्षें नफा काढावयाचा, ही या धंद्यांतली जुनी युक्ति होय. शाईच्या डबीवर, म्हणजे कार्ट्रिजवर, एक चिमुकली चकती बसविलेली असते. ती यंत्राशीं बोलते, आणि डबी परक्याची आहे असें कळल्यास यंत्र संप पुकारतें. 2016 च्या सप्टेंबरांत एच. पी. या विख्यात अमेरिकन कंपनीचे कित्येक प्रिंटर एकाएकीं परक्या डब्या नाकारूं लागले. काल चाललेली शाई आज कां चालत नाहीं, हें ग्राहकांस कळेना. मागाहून उलगडा झाला कीं, तशी आज्ञा यंत्रांत आधींच पेरून ठेवलेली होती. ओरड झाली तेव्हां कंपनीनें त्याच महिन्यांत दिलगिरी व्यक्त केली. लेक्समार्क नांवाच्या दुसऱ्या कंपनीचा खटला तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 30 मे 2017 रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, डबी एकदां विकली म्हणजे तिच्यावरील पेटंटचा हक्क संपला. घेणाऱ्यानें ती पुन्हां भरून विकली तरी पेटंटच्या जोरावर त्यास अडवितां येणार नाहीं. 2010 नंतर बाटलींतून शाई ओतण्याच्या टाकीचे प्रिंटर रूढ झाले, त्यांत यंत्र महाग आणि शाई स्वस्त. आमच्या घरीं आलेलें यंत्र या दुसऱ्या जातीचें.

आमचें बिऱ्हाड भिवंडी तालुक्यांतील पूर्णा येथें आहे. ठाण्याहून कशेळीची खाडी ओलांडून भिवंडीकडे निघालें कीं काल्हेर, पूर्णा, राहनाळ हीं गांवें लागतात. येथें पूर्वीं भातशेती होती. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर माल ठेवणें व्यापाऱ्यांस सोयीचें, म्हणून गोदामें उभीं राहिलीं. 1 जुलै 2017 रोजीं जी. एस. टी. आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामें गेलीं नाहींत. मुंबईंत कोणी घरबसल्या मिक्सर मागविला, मुलाचे बूट मागविले, तर ती वस्तु इकडच्याच एखाद्या पत्र्याच्या छपराखालून निघालेली असण्याचा संभव पुष्कळ. आमचा प्रिंटरही आमच्या गच्चीवरून दिसणाऱ्या एका गोदामांतूनच आला, असें खोक्यावरच्या पत्त्यावरून कळलें. तितकें अंतर चालून जावयास दहा मिनिटें पुरतात. हें अंतर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

यंत्र घेतलें तें आमच्या थोरल्या वहिनींनीं, 2025 च्या जूनमध्यें शाळा उघडतांना. आमच्या बंधूंच्या पश्चात् वहिनी घरीं आठवी ते दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतात. विद्यार्थी बहुतेक गोदामांतील हमाल, चालक व कारकून यांचींच मुलें. एकत्र कुटुंबांत दोन वेळच्या जेवणाची चिंता नाहीं, हें खरें. पण आपल्या मुलीची फी आणि आपला खर्च आपल्या कमाईंतून व्हावा हा त्यांचा नेम आहे, आणि त्या नेमाआड घरांतील कोणी येत नाहीं. तेरा हजारांचें यंत्र त्यांनीं साठविलेल्या पैशांतून घेतलें. हिशेब सरळ होता. झेरॉक्सच्या दुकानांत पानास दोन रुपये पडतात, घरीं त्याच्या अल्पांशांत काम होतें.

एकोणिसाव्या दिवशीं अक्षरांमधून पांढऱ्या रेघा जाऊं लागल्या. येथें यंत्राची रचना थोडी सांगितली पाहिजे. शाईच्या प्रिंटरांत छापणाऱ्या डोक्याला, म्हणजे प्रिंट हेडला, केसाहून बारीक अशीं शेंकडों छिद्रें असतात. कांहीं यंत्रांत शाई क्षणभर तापवून बुडबुड्याच्या जोरानें थेंब बाहेर फेकतात, कांहींत विजेनें आकुंचन पावणाऱ्या स्फटिकाच्या दाबानें. यंत्र बरेच दिवस स्वस्थ राहिलें कीं छिद्रांत शाई सुकते. म्हणून आठवड्यांतून एखादें रंगीत पान काढीत जावें, आणि यंत्र नेहमीं त्याच्याच बटनानें बंद करावें. भिंतीवरचें बटन आधीं ओढलें तर डोकें आपल्या झांकणाखालीं जाऊन बसत नाहीं व उघडें राहून सुकतें. सफाईची आज्ञा वारंवार देणें हाही उपाय नव्हे, कारण प्रत्येक सफाईंत शाई जाते आणि ती तळाशीं असलेल्या एका गादींत मुरते. गादी भरल्याची गणती पुरी झाली म्हणजे कित्येक यंत्रें छापणेंच थांबवितात. वहिनींचें यंत्र तर रोज चालत होतें, तेव्हां सुकण्याचा प्रश्न नव्हता. पंचविसाव्या दिवशीं लाल दिवा लुकलुकूं लागला आणि काम अजिबात बंद पडलें.

यानंतर सुरू झालें तें टेलिफोनचें पारायण. प्रथम एक ध्वनिमुद्रित बाई भाषा विचारते. मग यंत्राचा प्रकार. मग आपला कॉल अत्यंत मोलाचा आहे असें सांगून वीस मिनिटें सनई ऐकविते. शेवटीं कोणी तरुण बोलतो. त्याचा स्वर अतिशय गोड. "मॅडम, यंत्र बंद करून दोन मिनिटांनीं पुन्हां चालू करा." वहिनी सांगतात, हें काल चार वेळां केलें. "मॅडम, एकदां माझ्यासमोर करा." मग तक्रार क्रमांक मिळतो, कारागीर अठ्ठेचाळीस तासांत येईल असें आश्वासन मिळतें, आणि तिसऱ्या दिवशीं निरोप येतो : आपल्या तक्रारीचें निवारण झालें आहे, कृपया सेवेस गुण द्या. कारागीर तर जिना चढलाच नव्हता. पुन्हां फोन, पुन्हां सनई, निराळा तरुण, नवा क्रमांक. एकदां तर उत्तर आलें कीं, आपला पिनकोड आमच्या सेवाक्षेत्रांत येत नाहीं. विकतांना तोच पिनकोड क्षेत्रांत होता, आणि माल त्याच पिनकोडांतून निघाला होता!

त्या तरुणांवर आमचा राग नाहीं. त्यांच्यापुढें कागद ठेवलेला असतो, त्याबाहेरचें वाक्य बोलण्याची त्यांस सोय नसते, आणि यंत्र त्यांनीं पाहिलेलेंही नसतें. राग आहे तो तक्रार बंद करण्यालाच निवारण म्हणणाऱ्या व्यवस्थेवर.

प्रिंटरवरील रागांतून मोठीं कामेंही निघालीं आहेत. 1980 च्या सुमारास अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीनें एक लेसर प्रिंटर दिला. त्यांत कागद सारखा अडके. तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनीं आधींच्या यंत्रास, कागद अडकला तर तशी सूचना मंडळींस जावी, अशी जोड केली होती. तीच या यंत्रासही करावी म्हणून त्यांनीं आज्ञावली मागितली. दुसऱ्या विद्यापीठांतील ज्या सद्गृहस्थांजवळ ती होती त्यांनीं, गुप्ततेचें वचन दिलें आहे म्हणून, ती देण्याचें नाकारलें. ती सल स्टॉलमन यांच्या मनांत राहिली. 1983 सालीं त्यांनीं आपली मुक्त आज्ञावलींची चळवळ जाहीर केली, तेव्हां तिच्या मागें या अनुभवाचाही भाग होता.

वहिनींनीं चळवळ काढली नाहीं. त्यांनीं एक वही काढली. तारीख, वेळ, बोलणाऱ्याचें नांव, तक्रार क्रमांक आणि काय बोलणें झालें, असे पांच रकाने. अकरा फोनांची नोंद त्यांत आहे. मधल्या काळांत जुलैची चाचणी आली. भर पावसांत काल्हेरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत जाऊन त्या कागद पदराखालीं धरून आणीत. रस्त्यांत पाणी सांचून वाट बंद पडली त्या एका दिवशीं त्यांनीं सव्वीस मुलांची भूमितीची प्रश्नपत्रिका कार्बनी कागद घालून हातानें लिहिली. तिसऱ्या प्रतींतले कोन मुलांना दिसेनात.

अखेर एकेचाळिसाव्या दिवशीं कारागीर आला. त्यानें यंत्राच्या पोटांतील गणक पाहिला, प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पाहिला, आणि सांगितलें, "दोन हजार शंभर पानें झालीं आहेत. हा क्लासचा धंदा आहे. घरगुती वॉरंटी लागू होत नाहीं. प्रिंट हेडचे पैसे भरावे लागतील." रक्कम यंत्राच्या किंमतीच्या निम्म्याजवळ जात होती.

त्या रात्रीं घरांत बोलणें झालें. आप्पा, आमचे वडील, म्हणाले, "सूनबाई, एवढ्यासाठीं डोकें शिणवूं नकोस. उद्यां आपण दुसरा घेऊं."

"मामंजी," वहिनी म्हणाल्या, "दुसरा घेतला तर मी धंदेवाईक ठरलें आणि पहिला चांगला होता असेंही ठरलें." थोड्या वेळानें त्या आमच्याकडे वळल्या : "भावजी, मला यांतला कायदा तेवढा वाचून दाखवा."

कायदा वाचतांना आम्हांसही नवें पुष्कळ कळलें, म्हणून तें येथें देतों. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा 1986 चा. त्याच्या आधीं बारा वर्षें, 1974 सालीं, पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीचें काम आरंभिलें होतें आणि 1975 मध्यें मुंबई ग्राहक पंचायत निघाली. हें कार्य मराठी माणसांनीं सरकारच्या आधीं हातीं घेतलें, याचा आपणांस अभिमान असावयास हरकत नाहीं. त्या कायद्याची जागा 2019 च्या नव्या कायद्यानें घेतली, व तो 20 जुलै 2020 पासून अंमलांत आला. व्यापारी हेतूनें माल घेणारा ग्राहक ठरत नाहीं, हें या कायद्यांत आहे खरें. परंतु त्याच व्याख्येच्या खालीं स्पष्टीकरण आहे कीं, जो मनुष्य केवळ स्वतःच्या श्रमानें चरितार्थ चालविण्यासाठीं वस्तु घेऊन वापरतो, त्याचा तो वापर व्यापारी समजावयाचा नाहीं. शिंप्याचें यंत्र, रिक्षावाल्याची रिक्षा, आणि आमच्या मतें वहिनींचा प्रिंटर, यांत बसतात. दुसरी गोष्ट, तक्रार कंपनीच्या गांवीं जाऊन करावी लागत नाहीं. आपण जेथें राहतों किंवा काम करतों तेथील जिल्हा आयोगाकडे ती करतां येते. पांच लाखांपर्यंतच्या मालास तक्रारीची फी नाहीं. मुदत दोन वर्षांची. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. 1 जानेवारी 2025 पासून ई-जागृति या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्याही अर्ज करतां येतो.

त्याआधींच्या दोन पायऱ्या मात्र पुष्कळांस ठाऊक नसतात. इंटरनेटवरून माल विकणाऱ्यांसाठीं जुलै 2020 मध्यें स्वतंत्र नियम झाले. त्यांप्रमाणें प्रत्येक विक्रीस्थळानें तक्रार अधिकाऱ्याचें नांव व पत्ता उघड दिला पाहिजे. त्या अधिकाऱ्यानें अठ्ठेचाळीस तासांत पोंच दिली पाहिजे आणि महिन्याच्या आंत निवाडा केला पाहिजे. सनई ऐकविणारा टेलिफोन निराळा आणि हा अधिकारी निराळा. दुसरी पायरी म्हणजे 1915 या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती हुकूम सोडूं शकत नाहीं, पण कंपनीपुढें तक्रार ठेवते, आणि तेथें कागद पोंचला कीं कंपन्यांच्या कानांत बरेंच ऐकूं येऊं लागतें.

वहिनींनीं तक्रार अधिकाऱ्यास पत्र लिहिलें. भाषा कडक नव्हती. वहीच्या पानांचीं छायाचित्रें जोडलीं, पावती जोडली, आणि वॉरंटीच्या कागदावरील एक ओळ, जी कारागिरानेंही वाचली नव्हती आणि कदाचित् लिहिणाऱ्यांनींही पुन्हां पाहिली नसावी, तिच्याखालीं रेघ ओढली : एक वर्ष किंवा तीस हजार पानें, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तें. दोन हजार शंभर पानांचा गुन्हा या ओळीपुढें उभा राहीना. पोंच आली. पाठोपाठ 1915 वरही नोंद केली. आठ दिवसांनीं कंपनीनें प्रिंट हेड फुकट बदलून देण्याचें मान्य केलें. वहिनींनीं लिहिलें कीं, महिन्याच्या आंत बिघडलेलें यंत्र पुन्हां उघडून नको, दुसरें द्यावें. आप्पा म्हणाले, "मिळतें आहे तें घे." त्यांनीं घेतलें नाहीं. अठ्ठावन्नाव्या दिवशीं नवें खोकें आलें. तें आणणारा मुलगा त्याच समोरच्या गोदामांतला होता, आणि जुनें यंत्र परत नेतांना त्यानें सहज विचारलें कीं, एवढ्या जवळ असून आपण तिकडे येऊन कां सांगितलें नाहीं. सांगण्यासारखें तेथें कोणी नसतें, हें त्यालाही माहीत होतें. तोच पुढें हंसला.

नव्या यंत्रावर सहामाहीच्या प्रश्नपत्रिका निघाल्या. कोन ठळक दिसतात. झेरॉक्सचा खर्च व झालेला मनस्ताप यांच्या भरपाईसाठीं वहिनींनीं जिल्हा आयोगाकडे निराळा अर्ज केला आहे. मागणी तीन हजार आठशें रुपयांची असून काल्हेरच्या दुकानाच्या पावत्या तारखेवार डकवून सोबत दिल्या आहेत. कार्बनवर लिहिलेल्या त्या भूमितीच्या प्रश्नपत्रिकेची तिसरी प्रतही परिशिष्टांत आहे. सुनावणी अद्याप व्हावयाची आहे.