बिनतारी पेटीची निगा

म्हैसूर येथे १९३५ साली प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून ‘आकाशवाणी’ नावाचे ध्वनिक्षेपण सुरू केले. ते सर्वांनी ऐकावे, हाच त्यामागील हेतू. आजच्या वाय-फाय लहरींचे तसे नाही. त्यांतील मजकूर ज्याचा त्यालाच कळावा, म्हणून तो सांकेतिक रूपात पाठविला जातो.

या व्यवस्थेतील एक गंभीर दोष बेल्जियममधील संशोधक मॅथी वानहूफ यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर केला. जोडणीच्या वेळी दोन यंत्रांत चार संदेशांची देवघेव होते. तिसरा संदेश मुद्दाम पुन्हा पोहोचविल्यास यंत्र वापरलेलीच किल्ली पुन्हा बसविते, व संदेशांची मोजणी आरंभापासून सुरू होते. मग लहरींच्या टप्प्यातील तिऱ्हाइताला गुप्त मजकूर उलगडता येतो. हा दोष मुख्यतः फोन व संगणक यांत होता. परंतु चालू जोडणी एका पेटीकडून दुसरीकडे झटपट सोपविणाऱ्या वाय-फाय पेट्याही त्यातून सुटल्या नव्हत्या. परवलीचा शब्द बदलून येथे काही साधत नाही. यंत्रातील आज्ञावलीच दुरुस्त करावी लागते.

अनेक निर्मात्यांनी तशी दुरुस्ती दिली. पण भिंतीवरील पेटीपर्यंत ती पोहोचविणार कोण? माझ्या मते खरी उणीव येथेच आहे. ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद होते. तशी या पेटीचीही नोंद ठेवावी, तिची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवावी, आणि दुरुस्ती मिळेनाशी झालेली पेटी बदलावी. खर्चाची अडचण सांगणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की दुरुस्ती बहुधा विनामूल्य असते. उणीव असते ती आठवणीने करणाऱ्याची.